गाडीचे पोट आणि प्लास्टरची खिडकी

बुऱ्हाणपूर म्हटले की केळी, यंत्रमाग आणि कुंडी भंडारा आठवतात. परंतु २००३ साली स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याचा मोठा भाग सातपुड्याच्या कुशीत आहे. धूळकोट, खकनारकडील बारेला व कोरकू वस्त्यांवर शिबिरासाठी जाताना डांबर संपते आणि नाल्यांतील काळे दगड सुरू होतात.

अशाच एका पावसाळ्यात सर्पदंश झालेल्या मुलाला माझ्या पिकअप गाडीतून शहराकडे आणत होतो. नाला ओलांडताना गाडीखाली दगड आदळला आणि तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन तत्काळ बंद केले. चेंबर फुटून सारे ऑइल पाण्यावर पसरले होते. मुलाच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. त्याचा अर्थ आपणां सर्वांस ठाऊक आहे. अखेर एका शेतकरी बांधवाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत, अंबू बॅग दाबत, आम्ही रुग्णालय गाठले. मुलगा वाचला; पण तो प्रवास मी विसरलो नाही.

पुढच्याच आठवड्यात मिस्त्रींकडून चेंबरखाली ६ मिलिमीटरचा पत्रा बसवून घेतला. तीन फूट बाय अडीच फुटांचा तो पत्रा सुमारे ३३ किलोंचा होता. मी निश्चिंत झालो, आणि तीच माझी चूक ठरली. पत्रा सर्व बाजूंनी बंद होता. ऑइल बदलायचे तर तो पूर्ण उतरवावा लागे, म्हणून मी टाळत राहिलो. काही महिन्यांनी उतरवला तेव्हा आत तेलाने माखलेला चिखल आणि वाळलेला पाला साचलेला दिसला. सीलमधून तेल झिरपत होते. पत्र्याने ते जमिनीवर पडू दिले नाही, त्यामुळे मला कळलेच नाही. तापलेल्या इंजिनाखाली तो पाला पेटलाही असता.

जखमेवर प्लास्टर घालताना आपण खिडकी ठेवतो. तेच तत्त्व मी गाडीला लावले नव्हते.

दुसरा पत्रा आम्ही विचारपूर्वक केला. गाडी लाकडी ठोकळ्यांवर पक्की टेकवली. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर लावून पाहिला. पत्रा ४ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २२ किलोंचा घेतला. दगडावर अडकण्याऐवजी घसरावा म्हणून पुढची कड वर वळवली. चेंबर व पत्रा यांत दोन बोटांचे अंतर राखले, कारण पत्रा थोडा दबला तरी धक्का चेंबरपर्यंत पोहोचू नये. ऑइल सोडण्याच्या नटाखाली हात जाईल एवढे छिद्र, हवेसाठी लांबट खाचा आणि पाणी निथळण्यास मागील बाजू मोकळी ठेवली. चेसिसला वेल्डिंग न करता नट-बोल्टांनी कसले. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिस कमकुवत होऊ शकते, शिवाय पत्रा सहज उतरवता आला पाहिजे. शेवटी दोन्ही अंगांना रेड ऑक्साइड लावले.

आता प्रत्येक शिबिरानंतर पाइप लावून चिखल धुतो, बोल्ट तपासतो आणि टॉर्च घेऊन त्या छिद्रातून आत पाहतो. पत्र्यावर दगडांचे ओरखडे पुष्कळ आहेत. चेंबर मात्र शाबूत आहे.

दुर्गम भागात सेवेस जाणाऱ्या आपल्या सहकारी डॉक्टर बंधु-भगिनींना एवढीच विनंती, की निघण्यापूर्वी औषधांच्या पेटीबरोबर गाडीच्या पोटाचीही तपासणी करावी. मागच्या सीटवर कोण असेल, हे आधी कधीच सांगता येत नाही.