पाण्याची खूण

फंगज्ये या चिनी गावात एका भिंतीवर रंगाने लिहिलंय : तिसऱ्या टप्प्याची पाणीपातळी, १५६.५ मीटर. या आकड्याखाली जे जे म्हणून आहे ते सगळं काही महिन्यांत थ्री गॉर्जेस धरणामुळे यांगत्से नदीच्या पोटात जाणार. तरी त्याच आकड्याखाली दुकानं उघडी आहेत, खोल्या भाड्याने दिल्या जाताहेत, जेवणाच्या पंगती बसताहेत. सेट उभारून केलेली ही करामत नव्हे. ते गाव खरं होतं, आकडा खरा होता आणि पाणी खरोखरच येणार होतं.

जिया झांगकेचा २००६ सालचा ‘स्टिल लाइफ’ हा चित्रपट याच गावात घडतो. खाणीत काम करणारा सानमिंग सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बायकोला शोधत बोटीने फंगज्येला येतो. हातात पत्ता आहे. मोटरसायकलवाला त्याला त्या पत्त्यावर नेतो आणि समोरच्या पाण्याकडे बोट दाखवतो. गल्ली तिथे, खाली. पत्ता बरोबर, गावच जागेवर नाही. मला वाटतं विस्थापनावरची जाडजूड पुस्तकं वाचूनही जे नीट डोक्यात शिरत नाही, ते या अर्ध्या मिनिटात शिरतं.

जिया तिथे गेला होता वेगळ्याच कामाला. चित्रकार लिऊ शियाओदोंग फंगज्येत पाडकामाच्या मजुरांची चित्रं काढत होता आणि जियाला त्याच्यावर माहितीपट करायचा होता. तिथे पोचल्यावर दिसलं की दोन हजार वर्षं जुनं गाव हातोड्यांनी फोडलं जातंय. मग माहितीपटासोबतच कथापटही घाईघाईने उभा राहिला, कारण लोकेशन दिवसागणिक कमी होत होतं. सानमिंगचं काम केलं ते दिग्दर्शकाच्या नात्यातल्या एका खऱ्या खाणकामगाराने. उघड्या अंगाने भिंती पाडणारे मजूरही खरे. चित्रपटात मध्येच एक विचित्र इमारत अग्निबाणासारखी जमिनीवरून सुटून आकाशात जाते. पुष्कळांना ते खटकलं. मला नाही खटकलं. अख्खं गाव पत्त्यासकट नाहीसं होताना ज्यांनी पाहिलं, त्यांना एक इमारत उडाली तर तिचं काय मोठं कौतुक!

आणि ती नोट. मजूर गप्पा मारत बसलेत, विषय निघतो गावाचा. एकजण दहा युआनची नोट काढून दाखवतो : मागच्या बाजूला छापलेली खिंड म्हणजे इथलीच, क्वेमेन. सानमिंग पन्नासची काढतो, तिच्यावर त्याच्या मुलखातला पीत नदीचा धबधबा. नंतर तो नदीकाठी उभा राहून दहाची नोट डोळ्यांसमोर धरतो आणि चित्र समोरच्या डोंगराशी ताडून पाहतो. डोंगर तोच आहे, पायथ्याचं पाणी मात्र चढलेलं. सरकारी नोटेवर नदीची जुनी उंची छापून राहिली आहे!

पाण्याची उंची टिपून ठेवायची ही खोड नदीकाठच्या माणसाला फार जुनी. फंगज्येच्या वरच्या अंगाला फूलिंग हे शहर आहे. तिथे नदीच्या पात्रात बायहलियांग नावाची एक लांबलचक खडकाची धार होती, जी फक्त हिवाळ्यात पाणी उतरलं की उघडी पडायची. तिच्यावर तांग राजवटीच्या काळात, म्हणजे साधारण साडेबाराशे वर्षांपूर्वी, मासे कोरले गेले. माशाचा डोळा म्हणजे उतरलेल्या पाण्याची खूण. मासे दिसले की येणारं वर्ष पिकाचं, अशी लोकांची श्रद्धा. पुढे प्रत्येक पिढीने शेजारी आपापली नोंद कोरली आणि बघता बघता त्या दगडावर बाराशे वर्षांची पाणीवही तयार झाली. धरण झाल्यावर ती कायमची बुडाली. मग चिनी अभियंत्यांनी तिच्याभोवती पाण्याखालीच संग्रहालय बांधलं. २००९ पासून माणसं सरकत्या जिन्याने सुमारे चाळीस मीटर खोल उतरून गोल काचेतून ते मासे पाहतात. एके काळी मासे दिसायला नदी उतरावी लागायची, आता माणूस उतरतो.

नाशिककरांना हे मुळीच परकं वाटणार नाही. गोदावरीला पूर आला की शहरात पहिला प्रश्न असतो, पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला? पाटबंधारे खातं क्युसेकमध्ये बोलतं, शहर मारुतीच्या अंगावर मोजतं.

थ्री गॉर्जेस धरणाने यांगत्सेचं आणखी एक केलंय, जे मला कळलं तेव्हा चक्रावायलाच झालं. पूर्वी ही नदी उन्हाळ्यातल्या पावसाने फुगायची आणि हिवाळ्यात आटायची. आता जलाशयात नेमकं उलटं होतं. पुराचं पाणी सामावून घ्यायला जागा हवी म्हणून पावसाळ्यापूर्वी पातळी १४५ मीटरपर्यंत खाली आणतात आणि पावसाचा जोर सरल्यावर १७५ पर्यंत चढवतात. सुमारे सहाशे किलोमीटर लांबीच्या पाण्याचा ऋतूच फिरला आहे. ऑगस्टमध्ये धरण भरलं की ओटी भरायला जाणारे आपण. तिथे ऑगस्टमध्ये धरण रितं ठेवण्यावर सगळी भिस्त! काठावर वर्षातले काही महिने बुडणारा आणि काही महिने उघडा पडणारा तीस मीटर उंचीचा पट्टा तयार झाला आहे. या सगळ्यासाठी बारा लाखांहून जास्त माणसं हलली.

धरणाच्या बाजूने बोलणारे चित्रपटही आहेत, आणि ते वाईट नाहीत. अमेरिकेत पेअर लॉरेन्ट्झने १९३८ मध्ये ‘द रिव्हर’ नावाचा जेमतेम अर्ध्या तासाचा सरकारी माहितीपट केला. विषय मिसिसिपीचं खोरं : जंगल तोडलं, माती वाहून गेली, पूर आले. चित्रीकरण आटोपत आलं आणि जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीला महापूर आला. कॅमेरे पुन्हा बाहेर निघाले. शेवटचा अंक नदीनेच लिहून दिला म्हणायचा. त्या माहितीपटाचं उत्तर होतं टेनेसी नदीवरची धरणं. बावीस वर्षांनी एलिया कझानने ‘वाइल्ड रिव्हर’ केला तो त्याच टेनेसी खोऱ्यातल्या एका म्हातारीवर. ती बेटावरचं घर सोडायला तयार नाही. समजूत घालायला आलेला सरकारी माणूस चांगला आहे, धरणही गरजेचं आहे आणि म्हातारीही बरोबर आहे. कझान कुणालाच खलनायक करत नाही, म्हणून तो चित्रपट जास्त टोचतो.

आपल्याकडे आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी १९९५ मध्ये ‘अ नर्मदा डायरी’ पुरी केली. त्यातलं मणिबेली हे सरदार सरोवरात महाराष्ट्राच्या बाजूने सर्वांत आधी बुडणाऱ्या गावांपैकी एक. नावाप्रमाणे ती रोजनिशीच आहे : पाणी आलं, लोक बसून राहिले, पोलीस आले, होळी आली, लोक नाचले. धरणाची भिंत पुढे १३८.६८ मीटरपर्यंत गेली. म्हणजे तिथेही एक आकडा होताच.

इथवर सगळी गोष्ट चढणाऱ्या पाण्याची झाली. उतरणाऱ्या पाण्याचा चित्रपट एकच सांगायचा तर ऋत्विक घटकांचा ‘तिताश एकटी नदीर नाम’, १९७३.

तिताश ही बांगलादेशातल्या ब्राह्मणबाडियाची नदी. मेघनेतून फुटते आणि वळसा घालून परत मेघनेलाच मिळते. या मुलखात नदी हलते, ही गोष्ट आपल्या डोक्यात नीट बसत नाही. दख्खनच्या नद्यांनी काळा खडक कापून पात्र खोदलेलं, कृष्णा वाईच्या घाटाला सोडून जाईल असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. बंगालच्या खाली मात्र सगळा गाळच. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी आणून टाकलेली मऊ माती. पाणी संथ झालं की गाळ बसतो, पात्रात चर म्हणजे वाळूचं बेट वर येतं, प्रवाह बाजूला सरकतो, फाट्याचं तोंड बुजतं. १७८७ च्या पुरानंतर तर खुद्द ब्रह्मपुत्रेने आपला मुख्य प्रवाह पश्चिमेकडे वळवला आणि जुनं पात्र मागे क्षीण होत राहिलं. एवढी मोठी नदी जिथे घर बदलते, तिथे तिताशची काय कथा?

मूळ कादंबरी अद्वैत मल्लबर्मन यांची. ते स्वतः तिताशकाठच्या मालो मच्छीमारांच्या घरात जन्मले, १९५१ मध्ये क्षयाने गेले आणि पुस्तक १९५६ मध्ये, त्यांच्या मागे, निघालं. ढाक्यात जन्मलेले घटक बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर फाळणीने तुटलेल्या मुलखात परत जाऊन हा चित्रपट करू लागले, आणि काम चालू असताना त्यांनाही क्षयाने गाठलं. त्यात तिलकचांद नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याची भूमिका त्यांनी स्वतः केली आहे.

कथा विलक्षण गुंतागुंतीची आहे. किशोर परगावी लग्न करतो, परतीच्या वाटेवर नवरी होडीतून पळवली जाते आणि तो वेडा होतो. तिला नवऱ्याचा चेहरा धड आठवत नाही. काही वर्षांनी ती मुलाला घेऊन त्याच गावात राहायला येते आणि त्या वेड्याची कणव करू लागते. पुढे दोघंही मरतात. पोर वाढवते ती बासंती, जिला कधीकाळी किशोरशी लग्न करायचं होतं. इतके योगायोग इतर कुणी घातले असते तर मी हसलो असतो. घटकांकडे ते चालून जातात, कारण त्यांची नदीच तशी आहे : वेगळी होते, भटकते, आणि पुन्हा तिथेच येऊन मिळते.

मग पाणी उतरतं. वाळू वर येते, जमिनीवर डोळा ठेवून सावकार येतात. मालोंचं जाळं निरुपयोगी होतं, आणि एकजूट मोडायला तेवढं पुरतं. शेवटी बासंती कोरड्या पात्रात वाळू हातांनी उकरते. खड्ड्यात थोडंसं पाणी झिरपून वर येतं. आपल्याकडच्या झऱ्यावर वाटीने पाणी भरलेल्या कुणालाही हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. फक्त इथे ती नदीच्या मधोमध बसलेली आहे.

प्रत्यक्षातली तिताश अजून वाहते, तिच्यावर होड्यांच्या शर्यतीही होतात. वाळवी लागली होती ती चित्रपटालाच. मूळ निगेटिव्ह अपुरी आणि काही रिळं फार खराब झालेली. जे उरलं होतं ते पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होतं. घटक १९६० च्या दशकात शिकवायला होते ती फिल्म इन्स्टिट्यूट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. कमी पडलेले तुकडे जर्मनीच्या सरकारी चित्रसंग्रहातून मिळवले, बोलोन्यात जुळवले आणि २०१० मध्ये कान महोत्सवात तो पुन्हा दाखवला गेला.

ही दुरुस्त प्रत कुठल्या फिल्म क्लबात लागली तर सोडू नका. अडीच तासांहून लांब आहे. पहिल्या अर्ध्या तासात कोण कुणाचं कोण हे कळत नाही, त्याची काळजी करू नका. तेवढा वेळ नुसतं पाणी कुठवर आहे ते बघत राहा, नाती नंतर लागतात.