कोजागिरीचा एकांडा प्रवास

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालय, काशी-रामेश्वर, निदान विलायत तरी उभी राहते. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत आज सांगणार आहों तो अवघा पुणें ते वाई एवढाच आहे. अंतर सुमारें ९० किलोमीटर. मोटारीनें दोन तासांचा रस्ता. या रस्त्यानें आम्ही आजवर किती वेळां गेलों असूं याची गणती नाहीं. परंतु ता. ३० ऑक्टोबर २०२० रोजीं हाच रस्ता आम्हांला जितका लांब वाटला तितका दुसरा कोणताही वाटला नाहीं. आणि त्या एका रात्रीच्या मुक्कामासाठीं आम्हीं जेवढी तयारी केली तेवढी मुलीच्या लग्नासाठींही केली नसेल.

तें वर्ष वाचक विसरले नसतील. पुण्यांत कोरोनाचे पहिले रुग्ण ता. ९ मार्च २०२० रोजीं आढळले. दोनच दिवसांनीं जागतिक आरोग्य संघटनेनें ही जगद्व्यापी साथ असल्याचें जाहीर केलें. आणि २५ मार्चपासून सारा देश दाराआड बसला. महाराष्ट्र शासनानें त्या वेळीं जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ सालचा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून जन्मास आलेला. आमचे आजोबा त्या प्लेगच्या वेळीं सात वर्षांचे होते. गांव सोडून माळावरच्या झोपड्यांत काढलेले दिवस, स्टेशनांवर होणारी उतारूंची तपासणी, या गोष्टी ते सांगत तेव्हां आम्हांला त्या पुराणांतल्या कथांइतक्या दूरच्या वाटत. तोच कायदा एके दिवशीं आपल्या दारीं येऊन उभा राहील हें स्वप्नांतही आलें नव्हतें. जिल्ह्याबाहेर जावयाचें तर शासनाचा ई-पास लागे. तें बंधन २ सप्टेंबर २०२० पासून उठलें. पण कायद्याचें बंधन उठलें म्हणजे भयाचेंही उठतें असें नाहीं. त्याच महिन्याच्या मध्यास देशांत रोज ९० हजारांहून अधिक नवे रुग्ण सांपडत होते.

आम्ही चौघे मित्र. पुण्याच्या वसतिगृहांत भिंतीला भिंत लागलेल्या खोल्यांतून चार वर्षें एकत्र काढलेलीं. पुढें एक कऱ्हाडास डॉक्टर झाले, एक साताऱ्यास वकील झाले, एक वाईस वडिलोपार्जित वाड्यांत राहून शाळामास्तर झाले. आम्ही पुण्यासच राहिलों. १९७८ सालापासून दर कोजागिरीस वाईकरांच्या गच्चीवर जमावयाचें हा आमचा नेम. दूध आटविण्याचा मान अर्थात् वाईच्या वहिनींचा. पितळेचें मोठें पातेलें, केशर, चारोळी, वेलदोड्याची पूड. आणि चंद्र पुरता वर आल्याखेरीज कोणाला पेल्यास हात लावूं देतील तर शपथ.

ऑगस्ट २०२० मध्यें वहिनींना ताप आला. साताऱ्याच्या रुग्णालयांत त्यांना नेलें आणि नवव्या दिवशीं त्या गेल्या. वाईकर स्वतः घरांत विलगीकरणांत होते. शेवटचें दर्शन नाहीं, अग्नि देणारेही परके हात. आम्ही गेलों नाहीं. परवाना मिळवितां आला असता हें खरें आहे. परंतु आमच्या सौभाग्यवतींस दम्याचा विकार, आमचें वय सहासष्ट, आणि त्या दिवसांतलें भय! आम्हीं टेलिफोन केला. टेलिफोनवर माणूस ‘बरा आहें’ म्हणतो. त्यापलीकडे कांहीं सांगत नाहीं.

त्या वर्षीं आश्विन अधिक आल्यामुळें कोजागिरी लांबली होती. ऑक्टोबरच्या आरंभीं वाईकरांचा टेलिफोन आला. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर ते म्हणाले, “कोजागिरी यंदा उशिरा आहे. गच्ची झाडून घ्यावी कीं नको, तेवढें सांगा.” बेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनीं कधीं विचारला नव्हता. त्याचें उत्तर टेलिफोनवर देण्यासारखें नव्हतें.

आम्हीं ती गोष्ट घरीं काढली. सौभाग्यवती क्षणभर गप्प राहिल्या; मग म्हणाल्या, “भय वाटतें म्हणून जाऊं नका असें मी म्हणणार नाहीं. पण भय वाटत नाहीं असें दाखविण्यासाठीं जाणार असाल तर मुळींच जाऊं नका.” या एका वाक्यांत साऱ्या प्रवासाचें शास्त्र आलें. एरव्हीं त्या आमच्याबरोबर येत. यंदा दम्यामुळें त्यांनीं घरीं राहावें, व आम्हीं एकट्यानेंच जावें असें ठरलें.

कऱ्हाडच्या डॉक्टरांना त्या दिवसांत रुग्णांमुळें श्वास घेण्यास फुरसत नव्हती. त्यांना येतां येणें शक्यच नव्हतें. पण रात्रीं उशिरां त्यांनीं आमची शिकवणी घेतली. ते म्हणाले, “हा रोग मुख्यत्वें श्वासावाटे पसरतो. कोंदट खोलींत त्याचें फावतें, मोकळ्या वाऱ्यावर तो विरतो. तेव्हां भेट गच्चीवरच व्हावी, माजघरांत नव्हे. ज्याला लक्षणें दिसावयाचीं आहेत तो एक-दोन दिवस आधींपासूनच दुसऱ्यास रोग देऊं शकतो. म्हणून ‘मी धडधाकट आहें’ हा पुरावा नव्हे. लागण झाल्यावर लक्षणें दिसण्यास बहुधा पांच-सहा दिवस लागतात, क्वचित् चौदा. तेव्हां भेटीच्या आधींचे चौदा दिवस तिघांनींही घराचा उंबरा ओलांडूं नये, आणि परतल्यावर तुम्ही चौदा दिवस घरांतल्या माणसांपासून दूर राहावें.” आम्हीं कागद पुढें ओढून हें सारें लिहून घेतलें.

चौदा दिवसांचें व्रत पाळलें. वाणसामान दाराशीं येई, पैसे डब्यांत ठेवलेले असत. मोटारीची बॅटरी टाळेबंदींत बसली होती ती आधींच बदलून घेतली. पेट्रोलची टांकी भरून ठेवली. वाटेंत गाडी बिघडली तर दहा परक्या माणसांशीं संबंध येणार, म्हणून चाकांची हवासुद्धां दोनदां पाहिली. बरोबर दशम्या, दाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या, स्वतःचा पेला, वळकटी, चार मुखपट्ट्या, सॅनिटायझर आणि बोटास लावण्याचें ऑक्सिमीटर. निघतांना सौभाग्यवतींनीं दारांतूनच एक लहानशी पुडी पुढें केली. “केशर आहे. वहिनी संपलें कीं माझ्याकडूनच मागवीत.”

दुपारीं दोन वाजतां आम्ही निघालों. कात्रजचा बोगदा मागें पडला. खेड-शिवापूरच्या नाक्यावर फास्टॅगमुळें कांच खालीं करावी लागली नाहीं. नीरेचा पूल ओलांडला कीं सातारा जिल्हा लागतो. उन्हाळ्यांत जेथें पोलीस कागद तपाशीत तेथें लोखंडी अडसर रस्त्याच्या कडेला नुसते उभे होते. पूर्वीं शिरवळास चहा झाल्यावांचून पुढें जाण्याची रीत नव्हती. या खेपेस चहा वर्ज्य, आणि पाणीही जपून. कारण वाटेंत कोठल्याही हॉटेलाची पायरी चढावयाची नाहीं हा नेम. वाचक हंसतील, पण सहासष्टाव्या वर्षीं त्या प्रवासांतील खरी काळजी हीच होती. खंबाटकीच्या चढावर एका मोकळ्या वळणावर थांबलों, दशमी खाल्ली, खालचा मुलूख डोळे भरून पाहिला. सात महिन्यांनीं क्षितिज दिसत होतें.

एक गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे. सुरूरच्या फांट्यावर आम्ही वाईकडे वळत असतां एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें हात केला. शेजारीं त्याची कारभारीण बोचकें घेऊन बसली होती. एस्.टी. सुरू झाल्या होत्या, पण तुरळक. या रस्त्यावर अशा हातासाठीं आम्हीं गाडी थांबविली नाहीं असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. त्या दिवशीं थांबविली नाहीं. आरशांत तो हात हळूहळू खालीं जातांना दिसला. मोटारीच्या बंद पेटींत तीन जीव बसविणें तिघांनाही धोक्याचें होतें हें बुद्धीस पटत होतें. तरी पुढें दुतर्फा वडांची ती सुंदर सावली लागली, तिचें सुख कांहीं वाटलें नाहीं.

वाईस पोंचल्यावर आधीं घाटावर गेलों. ढोल्या गणपतीचें दार बंद. देवळें उघडण्यास अजून दोन आठवडे होते. तीं १६ नोव्हेंबरास उघडलीं. बाहेरूनच हात जोडले. या देवळाची मागली भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे. कृष्णेचा पूर आला म्हणजे तो तेथें दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जातो असें सांगतात. देऊळ जागेवर राहतें, पुराशीं झगडत नाहीं. त्या वर्षीं आपणां सर्वांना तेवढेंच करावयाचें होतें.

वाड्याच्या दारांत वाईकर उभे होते. ते निम्मे झाले होते. दरसालचा परिपाठ आलिंगनाचा. दोघांचेही हात उचलले गेले आणि तसेच खालीं आले. ज्या घरांत आजीचें सोवळें पाहिलें त्या घरांतल्या माणसास दूर राहण्याचें नवल नाहीं. पण एक भेद त्या क्षणीं स्पष्ट कळला. तें अंतर आपल्या शुद्धपणाच्या अभिमानानें राखलेलें, आणि त्याच अभिमानानें आपल्या समाजानें कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलें. हें अंतर आपल्यापासून दुसऱ्यास इजा न व्हावी म्हणून. पहिल्याची लाज वाटावी. दुसऱ्याची वाटूं नये.

वकील साताऱ्याहून आपल्या गाडीनें आले. त्यांनीं कायदेपंडिताच्या काटेकोरपणानें टेप काढून गच्चीवर तीन खुर्च्या दहा-दहा फुटांवर मांडल्या. गच्ची स्वच्छ झाडलेली होती. चंद्र वर आला. आणि एक अडचण, जी कोणीं लक्षांत घेतली नव्हती, उभी राहिली. तिघांपैकीं दोघांचे कान मंद, तोंडावर पट्ट्या, मध्यें दहा फूट. बोलावयाचें तर ओरडून. आणि दुःख कांहीं ओरडून सांगतां येत नाहीं. आम्ही बराच वेळ गप्प बसलों. कदाचित् त्या गप्प बसण्यासाठींच आम्ही आलों होतों, कारण तें टेलिफोनवर जमत नाहीं.

मग वाईकर आपण होऊन बोलूं लागले. हळूच बोलत होते, तरी रात्र शांत असल्यामुळें ऐकूं आलें. “गाडींत चढतांना ती म्हणाली, ‘मी येईपर्यंत दुधाचा रतीब अर्धा करा, उगीच नासेल.’ मीं केला नाहीं. अर्धा केला तर ती येणार नाहीं असें वाटलें. अजून दीड लिटर येतें. रोज गड्याच्या मुलांना देतों.” थोडें थांबून म्हणाले, “आज तेंच आटविलें आहे. साखर किती घालावयाची हें तिला कधीं विचारलें नव्हतें.”

प्रत्येकानें आपापलें दूध थर्मासमधून आणावयाचें, कोणाच्या भांड्यास हात लावावयाचा नाहीं असें ठरलें होतें. आम्हीं वकिलांकडे पाहिलें, वकिलांनीं आमच्याकडे. मग आम्हीं मनाशीं हिशेब केला. उकळून आटविलेल्या दुधांत हा जंतु टिकत नाहीं. भय आहे तें श्वासाचें. आम्ही म्हणालों, “पेले आमचे, दूध तुमचें.” आपले पेले कठड्यावर ठेवून आम्ही दोघे मागें सरलों; त्यांनीं केशर टाकून, पट्टी न काढतां, वरून धार धरून ते भरले व मागें गेले; मग आम्ही पुढें झालों. एकेकानें आळीपाळीनें, दूर जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून दूध घेतलें. साखर फार झाली होती. कोणीं तसें म्हटलें नाहीं, पण वाईकर स्वतःच घोट घेऊन म्हणाले, “गोड झालें हो!” आणि ऑगस्टानंतर प्रथमच ते मोठ्यानें रडले.

आम्ही दहा फुटांवरच बसून राहिलों. तेवढें सोसणें कठीण गेलें, हें प्रांजळपणें सांगतों.

रात्रीं वकील परतले. आम्हीं ओसरीवर आपली वळकटी पसरली. पहाटे जाग आली ती गवळ्याच्या हांकेनें. वाईकर दारांत उभे राहून त्याला सांगत होते, “उद्यांपासून पाऊण लिटर.”

परततांना घाट लागत नाहीं; साताऱ्याकडून पुण्यास येणारा रस्ता बोगद्यांतून जातो. घरीं आल्यावर बाहेरच्या खोलींत चौदा दिवस काढले. जेवणाचें ताट दाराशीं येई, रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर पाहून आंकडा कागदावर लिहीत असूं. चौदावा दिवस उजाडला तो १४ नोव्हेंबरचा, नरक चतुर्दशीचा. अभ्यंगस्नान करून आम्ही आंतल्या घरांत पाऊल टाकलें, तेव्हां सौभाग्यवतींनीं ओवाळण्याआधीं विचारलें, “गच्ची झाडलेली होती का?”

पुढें १६ जानेवारी २०२१ पासून लस निघाली. तरी त्या उन्हाळ्यांत दुसरी लाट आली आणि किती घरें रितीं झालीं तें सर्वांस ठाऊक आहे. पुढल्या कोजागिरीस डॉक्टरही आले, चौघेही लस घेतलेले. खुर्च्या जवळ होत्या. आम्ही शहाणपणा केला कीं साहस, हा वाद वकील अजून घालतात. आम्हांस एवढेंच वाटतें: सावधगिरी म्हणजे घरीं बसण्याचें निमित्त नव्हे; जेथें गेलेंच पाहिजे तेथें जाण्याची ती रीत आहे. ती रीत ऑगस्टांत आम्हांला सुचली असती, तर वाईकरांना तें दूध तीन महिने एकट्यानें वांटावें लागलें नसतें.