विसार घेण्याआधी सातबारा नीट वाचा

"सातबारा कोरा आहे, तुम्ही गिऱ्हाईक घेऊन या." बार्शी तालुक्यातली आमची जिरायत विकायला काढली तेव्हा काकांनी मध्यस्थाला हेच सांगितलं होतं. कोरा म्हणजे कर्जाचा बोजा नसलेला, आणि तो तसा होताही. विसार घेतला, खरेदीखताची तारीख ठरली. मग घेणाऱ्याच्या वकिलांनी जुने फेरफार काढले आणि शांतपणे विचारलं, "आजोबांना दोन मुलीही होत्या ना? त्यांच्या सह्या कुठे आहेत?"

आजोबा १९८७ साली गेले. त्या वेळच्या फेरफारात थोरल्या काकांचं नाव लागलं आणि नावापुढे तीन अक्षरं पडली : ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, जमीन सगळ्यांची, असा त्याचा अर्थ. आम्ही तो सातबारा वर्षानुवर्षं पीककर्जासाठी काढत होतो, पण ती अक्षरं कुणी वाचली नव्हती. आत्यांचं नाव कागदावर नाही म्हणजे हक्क नाही, असं घरातल्या सगळ्यांनी मनापासून धरून चाललं होतं.

हा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. तो महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, त्यापलीकडे नाही. मालकी येते ती खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून.

याला जोडूनच दुसरं ऐकू येतं : "वडील २००५ च्या आधी वारले, मग बहिणींचा प्रश्नच नाही." तसं नाही. वडिलांच्या हिश्श्यात मुलींना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वाटा आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मतः सहहिस्सेदार ठरली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र कायम राहते. बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. साध्या बाँडवर घेतलेली सही तिथे चालत नाही. आमच्या आत्यांनी हक्क सोडला नाही, हिस्सा घेतला, आणि तो त्यांचाच होता. पण वारसनोंदी दुरुस्त होईपर्यंत आठ महिने गेले नि गिऱ्हाईकही गेलं. हे काम विसाराच्या आधी केलं असतं तर घरात एक कडू शब्दही झाला नसता, असं मला आजही वाटतं. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, यावरून असे सातबारे किती घरांत पडून असतील याची कल्पना येते.

कर्ज फेडलं की बोजा आपोआप उतरतो, हेही खरं नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावा लागतो.

कूळकायद्याच्या जमिनीबद्दल भीती उलट्या बाजूची आहे. इतर हक्कात 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा दिसला की लोक हातच झटकतात. पण कलम ३२ म खाली खरेदी होऊन दहा वर्षं उलटली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या चाळीस पट नजराणा भरायचा. आकार साडेचार रुपये असेल तर नजराणा होतो १८० रुपये. घेणारा मात्र शेतकरीच हवा. भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेल्या, इतर बऱ्याच जमिनींचं तसं नाही. तिथे परवानगीशिवाय व्यवहार केला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकण्यावर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ अ चं बंधन आहेच.

"क्षेत्र आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे," असं म्हणणाऱ्याने सातबारा एकदा हातात घ्यावा. तिथे हेक्टर-आर असतं, आणि बोलण्यात एकर-गुंठे. सातबाऱ्यावरचे ८० आर म्हणजे दोन एकर नव्हेत. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, आर सुमारे १०७६ चा. म्हणून ८० आर होतात साधारण ७९ गुंठे. गुंठ्यावर भाव ठरला असेल तर तेवढ्या एका गुंठ्यावरून खरेदीच्या दिवशी तोंडं फिरतात. शिवाय दर नांगरटीला बांध बोटभर सरकलेला असतो. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दकायम मोजणी आधीच करून घ्यावी. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक खुणा दाखवतो, आणि 'क' प्रत हाती येते. विहीर सामाईक असेल तर पाण्याची पाळी खरेदीखतात लिहावी. तोंडी पाळी नव्या मालकाला बांधून ठेवत नाही.

काही जण रान मोकळं दिसावं म्हणून विक्रीआधी बांधावरची झाडं तोडतात. कृपा करून तसं करू नका. साग, आंबा, चिंच, फणस, मोह, जांभूळ ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीविना तोडता येत नाहीत. आणि डेरेदार आंब्याखाली उभं राहून बोलणी केली तर भाव कमी होत नाही.

राहिला कर. "शेतजमिनीच्या पैशावर कर नसतो" हे ग्रामीण शेतजमिनीपुरतं बरोबर आहे, पण ग्रामीण कशाला म्हणायचं हे आयकर कायदा ठरवतो. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत वस्ती असेल तर ६ आणि त्याहून मोठ्या शहरापासून ८ किलोमीटरच्या आतली जमीन त्यात बसत नाही, गाव कितीही खेडवळ असलं तरी. अंतर मोजतात ते सरळ रेषेत. सडकेने दहा किलोमीटर भरणारं शेत सरळ रेषेत सातवर येऊ शकतं. शहराजवळची जमीन असेल तर हे अंतर भाव ठरवण्याआधीच बघून घ्यावं, कारण हातात किती पडणार हे त्यावर ठरतं.