पटेल असें लिहावें कसें?



‘निबंध’ हा शब्द ऐकतांच आपल्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांत त्यांचा फारसा अपराध आहे असें मला वाटत नाहीं. वर्षानुवर्षें त्यांच्यापुढें येणारे विषय पाहा : पावसाळ्यांतील एक दिवस, माझा आवडता प्राणी, फाटक्या पुस्तकाचें मनोगत. गाय हा उपयुक्त प्राणी आहे हें न मानणारा मनुष्य आमच्या रनाळ्यांत तरी मला अद्याप भेटलेला नाहीं. जें सर्वांना आधींच मान्य आहे तें पुन्हां कागदावर मांडावयाचें असेल, तर तें मार्गदर्शिकेंतून उतरून काढलें काय आणि स्वतः रचलें काय, फळ एकच. ज्याला आपलें म्हणणें मान्य नाहीं, किंबहुना जो तें ऐकूनही घ्यावयास तयार नाहीं, अशा मनुष्यासाठीं लिहिण्याची वेळ आली म्हणजे मात्र लेखनाचा खरा प्रश्न उभा राहतो. आज मला त्याच प्रकारच्या लेखनाविषयीं बोलावयाचें आहे.

मराठींत या प्रकारचे थोर लेखक पुष्कळ झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ सालीं सुरू झाली आणि तेव्हांपासून आपला निबंध वयांत आला, असें शाळेंतून शिकवितात. पण विद्यार्थ्यानें विद्यार्थ्याचाच कित्ता गिरवावा असें माझें मत असल्यामुळें मी निबंधमालेच्याही एकोणीस वर्षें मागें जातों. १८५५ सालच्या फेब्रुवारीच्या १५ तारखेस आणि मार्चच्या १ तारखेस, अशा दोन हप्त्यांनीं, ‘ज्ञानोदय’ पत्रांत एक निबंध छापून आला. ‘ज्ञानोदय’ हें अमेरिकन मराठी मिशनचें पत्र; तें १८४२ सालीं अहमदनगरास निघालें. निबंधाचा विषय होता मांग-महारांचें दुःख, आणि लेखिका होती जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत चालविलेल्या शाळेंतील सुमारें चौदा वर्षांची मुलगी, मुक्ताबाई. ती स्वतः मांग जातीची. तिचें शिक्षण झालें होतें अवघें तीन वर्षांचें. तीन वर्षांत आपल्याकडे मूल जेमतेम जोडाक्षरें ओलांडतें. या मुलीनें तेवढ्या अवधींत पेशवाईचा, धर्मशास्त्राचा आणि स्वतःच्या जातीचाही जाब विचारला.

तिनें हें साधलें कसें? नुसत्या संतापानें साधलें नाहीं, कारण संताप तिच्या वाड्यांतील प्रत्येकाजवळ होता. ॲरिस्टॉटल या ग्रीक पंडितानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत वक्तृत्वशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यांत मन वळविण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत : बोलणाऱ्याचें शील, ऐकणाऱ्याची भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. मुलांना हे शब्द जड वाटतात. म्हणून मी त्यांना पत, कळवळा आणि कारण असे तीन घरगुती शब्द देतों. वाण्याच्या दुकानीं उधारी पतीवर मिळते, शेजाऱ्याची मदत कळवळ्यानें मिळते, आणि पंचांपुढें कारण दाखवावें लागतें. कागदावर या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं कराव्या लागतात, एवढाच फरक.

पतीपासून आरंभ करूं. मुक्ताबाईजवळ पत मुळींच नव्हती. वय लहान, जात अस्पृश्य मानलेली, शिवाय मुलीची जात. मोठा मनुष्य लिहितो तेव्हां त्याचें नांवच अर्धें काम करून टाकतें. हिला तें एकेका वाक्यानें मिळवावयाचें होतें. ती आरंभींच आपली दुर्बळता कबूल करते, ईश्वराचें स्मरण करते आणि आपल्या शक्तीप्रमाणें हा विषय हातीं घेतला आहे असें सांगते. ही केवळ रीत नव्हे; हिला गर्व झाला आहे, असें म्हणण्याची वाचकाची सोय ती पहिल्याच ओळीला काढून घेते. पुढें तर तिनें याहूनही कठीण गोष्ट केली. ब्राह्मणवर्गानें दिलेल्या छळाचें वर्णन करीत असतांनाच, त्याच वर्गांतील कांहीं मंडळी आतां आम्हांला या दुःखांतून वर काढण्यासाठीं रात्रंदिवस झटत आहेत, हें ती मोकळ्या मनानें नमूद करते; आणि लगेच, सगळेच तसे नाहींत, हेंही सांगते. प्रतिपक्षाचें जेवढें चांगलें आहे तेवढें मोजून देणारा लेखक उरलेल्या गोष्टींतही खरें बोलत असावा, असें वाचकाला वाटूं लागतें. पत जमते ती अशी.

कळवळ्याच्या बाबतींत आपले विद्यार्थी बहुधा चुकतात. त्यांना वाटतें कीं ‘अत्यंत’, ‘हृदयद्रावक’, ‘अश्रूंच्या धारा’ असे शब्द पेरले म्हणजे वाचक रडूं लागेल. मुक्ताबाईनें विशेषणांवर भिस्त ठेवली नाहीं. तिनें चित्रें दाखविलीं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हां घरावर छप्परसुद्धां नसतें, थंडीवारा आणि पाऊस अंगावर येतो, एवढेंच ती सांगते आणि त्या वेळच्या दुःखाचा विचार वाचकानें स्वतःच्या अनुभवावरून करावा असें सुचविते. दुसरें चित्र मुलांचें आहे. वरच्या जातींच्या मुलांनीं दगड मारून रक्त काढलें तरी हे लोक सरकारांत तक्रार करीत नाहींत. कारण दुसऱ्या दिवशीं त्यांच्याच दारीं उष्टें मागावयास जावयाचें असतें. या एका गोष्टींत भूक, भय आणि लाचारी एकत्र आलीं आहेत, आणि तीन्हींपैकीं एकही शब्द लिहिण्याची तिला गरज पडलेली नाहीं. मी हा भाग वर्गांत वाचून दाखवीत असें तेव्हां शेवटच्या बांकावरील मुलेंही गप्प होत.

आतां कारण. वेदांचा आधार घेऊन विरोधकांचें मत खोडावें, तर ते म्हणतात कीं वेद ही आमचीच मालमत्ता, दुसऱ्यानें पाहूंही नये. ठीक आहे, असें म्हणून मुक्ताबाई पुढें चालते. वेद जर त्यांचेच, तर आम्हांला धर्मपुस्तक नाहीं हें उघड झालें. पुस्तक नाहीं, तर धर्मही नाहीं. मग हे देवा, आमचा धर्म कोणता तें तूंच सांग, म्हणजे आम्ही त्याप्रमाणें वागूं. पाहा, प्रतिपक्षाचेंच विधान तिनें खरें धरलें, आणि ज्या टोकाला जाण्याची त्याची इच्छा नव्हती त्या टोकाला त्याला नेऊन उभें केलें. न्यायशास्त्रांत अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नि आहे ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर आहे, हा हेतु. जेथें धूर तेथें अग्नि, जसा स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तेथें अग्नि आहे, हें निगमन. मुक्ताबाईनें न्यायाचा ग्रंथ डोळ्यांनीं पाहिला असेल असें मला वाटत नाहीं, पण तिची एकही पायरी गळलेली नाहीं. आपल्या मुलांच्या निबंधांत प्रतिज्ञा असते आणि निगमन असतें; मधल्या तीन पायऱ्यांच्या जागीं एखाद्या थोर पुरुषाचें वचन असतें.

निबंधाच्या अखेरीस ती सरकारकडे किंवा मिशनरी वाचकाकडे पाहत नाहीं. ती आपल्याच लोकांकडे वळते, त्यांना रोग्याची उपमा देते आणि ज्ञानाचें औषध घ्या म्हणून विनविते. सारें दुःख सांगून झाल्यावर, ‘मग करावयाचें काय?’ हा प्रश्न तिनें मोकळा ठेवला नाहीं.

एवढें ऐकून एखादा विद्यार्थी म्हणेल, तिच्याजवळ उपजत शक्ति होती, आम्हीं काय करावें? त्याला उत्तर म्हणून अलीकडचें एक उदाहरण सांगतों. आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील पाड्यापाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडणीला निघतात. कोणी गुजरातेंत जातात, कोणी इतर जिल्ह्यांत. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात, आणि मुलेंही त्यांच्याबरोबर फडावर जातात. तीं परततात तेव्हां शाळेचें वर्ष सरत आलेलें असतें. नववींतील एक मुलगी माझ्याकडे व्याकरण विचारावयास येत असे. यंदां स्वयंपाकाला आणि धाकट्या भावाला सांभाळावयाला तिनें बरोबर यावें, असें वडिलांनीं ठरविलें होतें. तिला राहावयाचें होतें, पण बापापुढें तोंड उघडण्याचा धीर होत नव्हता. वडील पांचवीपर्यंत शिकलेले. छापील सावकाश वाचतात. मीं तिला पत्र लिहावयास सांगितलें.

पहिला खर्डा आला तो ‘शिक्षणाचें महत्त्व’ या निबंधाचा. दोन पानें भरून देशाची प्रगति, स्त्रीशिक्षण आणि ज्ञानाचा प्रकाश. मीं तिला एवढेंच विचारलें कीं, शिक्षण वाईट आहे असें तुझे वडील कधीं म्हणाले का? ती म्हणाली, नाहीं. मग ते काय म्हणाले? तिनें सांगितलें, ‘भाकरी कोण टाकील, आणि धाकट्याला कोण पाहील?’ तेव्हां पत्राचा विषय प्रथमच ठरला. खर्डा लिहिण्यापूर्वीं वाचक कोण आणि त्याची हरकत काय, हें एका ओळींत लिहून काढावें. हें न करतां लिहिलेलीं पानें कितीही सुंदर असलीं तरी तीं वाटेंतच राहतात.

मग तिनें चार दिवस माहिती गोळा केली. आजी गांवीं राहणार आहे का? शाळेंत हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, आणि त्यांत नांव केव्हां द्यावयाचें? अंगणवाडींत भावाला दुपारपर्यंत ठेवतां येईल का? हीं उत्तरें तिनें वहीच्या मागच्या पानावर टिपलीं. लेखनाची निम्मी मेहनत अशी पायांनीं करावी लागते. केवळ कागदापुढें बसून कारणें सुचत नाहींत.

दुसऱ्या खर्ड्यांत कारणें आलीं, पण पसरट. येथें मीं तिला कौटिल्याची आठवण दिली. अर्थशास्त्रांत राजाज्ञा कशी लिहावी यावर एक प्रकरण आहे आणि त्यांत लेखाचे सहा गुण दिले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. अर्थक्रम म्हणजे मुख्य गोष्ट आधीं मांडणें. संबंध म्हणजे पुढचें बोलणें मागच्याला बाधक न होणें. परिपूर्णता म्हणजे शब्द कमीही नाहीं आणि जास्तही नाहीं. औदार्य म्हणजे ग्राम्य शब्द टाळणें, आणि स्पष्टत्व म्हणजे सर्वांच्या ओळखीचे शब्द वापरणें. दोषही दिले आहेत. त्यांत पुनरुक्ति आहे, परस्परविरोध आहे, अशुद्ध शब्द आहेत, आणि गचाळ कागद व ओबडधोबड अक्षर हाही एक दोष गणला आहे. शिक्षकांना हें शेवटचें कलम विशेष आवडेल! मुलीनें ही यादी घेऊन स्वतःचें पत्र तपासलें आणि ‘मला शिकावयाचें आहे’ हें वाक्य पांच ठिकाणीं होतें तें एका ठिकाणीं ठेवलें.

भाषेचा एक मुद्दा येथें सांगितला पाहिजे. आमच्याकडे घरांत अहिराणी, पाड्यांवर भिल्ली, आणि पुस्तकांत प्रमाण मराठी. मूल कागद हातीं घेतांच परक्या माणसासारखें बोलूं लागतें. तिनें वार्षिक परीक्षेचा आणि परतण्याचा काळ महिन्याच्या नांवानें लिहिला होता. मीं तेथें ‘आखाजी’ लिहावयास लावलें. अक्षय्यतृतीयेचा तो सण खान्देशांत माहेरवाशिणींचा सण, आणि बापाच्या मनांत वर्षाचा हिशेब त्या खुणेनें चालतो. ‘आखाजीला तुम्ही याल तेव्हां माझी नववी झालेली असेल,’ हें वाक्य पत्रांत आलें, आणि माझ्या मतें संबंध पत्राचा कळवळा त्या एका वाक्यांत होता.

तिसरा खर्डा तिनें मोठ्यानें वाचला. जेथें जीभ अडखळली तेथें वाक्य मोडलें. चौथा खर्डा पहिल्याच्या निम्म्याहून लहान झाला.

तेव्हां तिनें मला एक प्रश्न केला. मुकादम घरीं आला तेव्हां त्यानेंही हेंच केलें, गुरुजी. तो आमच्या नात्यांतला, म्हणून त्याची पत. बहिणीच्या लग्नाला पैसा कसा उभा करणार, असें म्हणाला, तो कळवळा. उचलीचे पैसे समोर मोजून ठेवले, तें कारण. मग त्याच्यांत आणि माझ्यांत फरक काय?

प्रश्न लाखमोलाचा होता. हीं तीन साधनें विळ्यासारखीं आहेत. तीं ज्याच्या हातीं त्याचें काम करतात. आज फोनवर येणारे निरोप, दुप्पट पैशांच्या योजना, निवडणुकींतील भाषणें, यांत हीं तिन्ही असतात, आणि म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याला तीं वेगळीं काढून पाहतां आलीं पाहिजेत. मीं तिला सांगितलें, मुकादमानें कोणती गोष्ट सांगितली नाहीं तें शोध. तिनें थोडा विचार करून सांगितलें : उचल फिटली नाहीं तर पुढच्या वर्षीं पुन्हां जावें लागतें, हें तो बोलला नाहीं. मग मीं विचारलें, तुझ्या पत्रांत तूं काय लपविलें आहेस? ती गप्प झाली. पत्रांत आईच्या कामाचा उल्लेख नव्हता. ही मुलगी राहिली म्हणजे दिवसभर ऊस बांधून आल्यावर भाकरीही आईनेंच टाकावयाची. तिनें तें शेवटच्या प्रतींत स्वतःहून लिहिलें, आणि त्याला तिच्याजवळ उत्तर नव्हतें, हेंही लिहिलें. मुक्ताबाईनें प्रतिपक्षाचें श्रेय मोजून दिलें होतें. हिनें आपल्या मागणीची किंमत मोजून दिली.

वडिलांनीं पत्र दोन वेळां वाचलें, असें आजीनें मला सांगितलें. मुलगी गांवीं राहिली आणि नववी उत्तीर्ण झाली. धाकटा भाऊ मात्र त्या वर्षीं आईबापांबरोबर फडावर गेला.