बाराव्या वर्षीचा येशू आणि आपली किशोरवयीन मुले

धर्मग्रामातील पालकसभेत एक तक्रार हमखास ऐकू येते : "फादर, मुलगा घरात असतो, पण आमच्यात नसतो." कालपर्यंत आईच्या मागेमागे फिरणारी मुलगी आज खोलीचे दार लावून घेते. शाळेत काय झाले असे विचारले, तर 'काही नाही' एवढेच उत्तर मिळते. सायंकाळच्या जपमाळेला बोलावले, तर कपाळाला आठ्या पडतात. काही पालकांना हा अनादर वाटतो, काहींना आपले संस्कार कमी पडले असे वाटते. हे दूर जाणे म्हणजे नेमके काय, ते का घडते आणि त्या काळात घराने, शाळेने व ख्रिस्तसभेने कसे वागावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे ह्या वयोगटाला किशोरावस्था मानते. आपल्याकडे पाचवीच्या वर्गापासून कॉलेजच्या पहिल्या वर्षांपर्यंतचा हा काळ होय.

शुभवर्तमानातील एकमेव प्रसंग

येशूचे बालपण आणि वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी सुरू झालेले त्याचे प्रकट कार्य, ह्यांच्या मधल्या प्रदीर्घ काळातील एकच प्रसंग शुभवर्तमानात नोंदलेला आहे. संत लूक तो आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात (ओवी ४१ ते ५२) सांगतो, आणि तो नेमका किशोरवयाच्या उंबरठ्यावरचा आहे. यहुदी परंपरेत मुलगा तेराव्या वर्षी नियमशास्त्राच्या पालनास स्वतः जबाबदार मानला जातो. येशू तेव्हा बारा वर्षांचा होता.

वल्हांडणाचा सण आटोपून नाझरेथकर परत निघाले. मुलगा नातलगांच्या व ओळखीच्यांच्या मेळ्यात असेल असे समजून मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. तो नाही असे कळताच ते येरुशलेमला परतले. तीन दिवसांनंतर तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकताना व प्रश्न विचारताना सापडला. आईने त्याला असे का वागलास म्हणून विचारले आणि आपली व्यथाही सांगितली. त्याने उलट प्रश्न केला. लूक स्पष्टपणे नोंदवतो की, आईवडिलांना ते उत्तर समजले नाही. पुढे तो त्यांच्याबरोबर घरी गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि आईने हे सारे अंतःकरणात जपून ठेवले.

ह्या वृत्तान्ताची अखेर लक्षात घेण्यासारखी आहे. येशू ज्ञानाने, शरीराने, देवाच्या कृपेत आणि माणसांच्या प्रीतीत वाढत गेला, असे लूक म्हणतो. म्हणजे बौद्धिक, शारीरिक, आध्यात्मिक व सामाजिक अशी चारही अंगांची वाढ येथे आली. देवपुत्रालाही वाढावे लागले. मग आपल्या मुलांनी एका रात्रीत शहाणे व्हावे ही अपेक्षा आपण कशी करावी?

शरीर आणि मेंदू

किशोरवयात शरीरातील बदल डोळ्यांना दिसतात. मुलींमध्ये ते मुलांपेक्षा साधारणतः एक-दोन वर्षे आधी सुरू होतात. मेंदूतील बदल मात्र दिसत नाहीत आणि म्हणून पालकांचा गोंधळ उडतो. उंची बापाएवढी झाली म्हणजे समजही तेवढीच आली, असे आपण गृहीत धरतो.

मेंदूच्या प्रतिमा घेण्याचे तंत्र विकसित झाल्यापासून गेल्या काही दशकांत ह्याविषयी बरेच कळले आहे. भावना, उत्साह आणि बक्षिसाची ओढ ह्यांच्याशी संबंधित भाग ह्या वयात लवकर जागे होतात. परिणामांचा विचार करणारा, मनाला आवर घालणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणून हुशार मुलगाही रागाच्या भरात असे काही बोलून जातो, ज्याचे त्याला अर्ध्या तासाने वाईट वाटते. ही माहिती चुकीच्या वागण्यावर पांघरूण घालण्यासाठी नाही. ज्याचा लगाम अजून तयार होत आहे त्याला शिस्त हवीच, परंतु ती धीराने लावायला हवी, एवढेच तिच्यातून शिकायचे.

झोपेचेही तसेच आहे. रात्री झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक किशोरवयात उशिरा स्रवू लागते. त्यामुळे मुलांना रात्री लवकर झोप येत नाही व पहाटे उठवत नाही. १३ ते १८ ह्या वयात ८ ते १० तास झोप आवश्यक आहे, असे तज्ज्ञ सांगतात. पहाटेचा क्लास, दिवसभर शाळा, सायंकाळी पुन्हा क्लास आणि रात्री हातात मोबाईल, अशा दिनक्रमात ती कोठून मिळणार? सकाळच्या चिडचिडेपणाचे मूळ पुष्कळदा अपुऱ्या झोपेत असते.

मित्र हवेतच

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन ह्यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. त्यांतील पाचवा किशोरवयाचा. 'मी कोण?' हा त्या टप्प्याचा मुख्य प्रश्न आहे. अमक्याचा मुलगा, तमक्याची नात ही ओळख आता पुरेशी वाटत नाही. स्वतःची ओळख शोधायची, तर घरापासून थोडे अंतर घ्यावे लागते, आणि त्या अंतरावर आधाराला मित्र असतात. म्हणून त्यांचे मत आईवडिलांच्या मतापेक्षा मोठे वाटू लागते.

ह्या ओढीची ताकद एका प्रयोगात दिसून आली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांनी तो २००५ साली प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला होता. एकटे असताना किशोर व प्रौढ जवळजवळ सारखाच धोका पत्करत. मित्र शेजारी बसताच किशोरांनी बराच अधिक धोका पत्करला; प्रौढांवर मात्र तसा परिणाम झाला नाही. एरव्ही सांभाळून चालणारा मुलगा मागे दोन मित्र बसले की बाईक बेफाम का पळवतो, ह्याचे उत्तर येथे आहे.

तेव्हा मैत्री तोडून टाकणे हा उपाय होऊ शकत नाही. मित्र कोण आहेत हे माहीत असणे आणि त्यांना आपल्या घराची वाट मोकळी असणे, हा खरा उपाय. परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली तरुणांना उद्देशून लिहिलेल्या 'ख्रिस्तुस व्हिव्हित' ह्या प्रबोधनपत्रात लूकच्या ह्याच प्रसंगाकडे लक्ष वेधले आहे. येशू घरात कोंडलेला मुलगा नव्हता. तो मोठ्या गोतावळ्यात मिसळत असे व आईवडिलांचा त्याच्यावर विश्वास होता, म्हणूनच तो मेळ्यात असेल असे त्यांना वाटले. आज तो मेळा आहे का? एकत्र कुटुंबे विभागली, अंगणे गेली. काका, आत्या, शेजारची आजी ह्यांच्या नजरेखाली होणारी मुलांची वाढ आता चार भिंतींत व मोबाईलच्या पडद्यावर होते. आपल्या धर्मग्रामातील युवासंघटना, गायनवृंद, वेदीसेवक व क्रीडामंडळे ही म्हणूनच मुलांच्या वाढीसाठी अत्यावश्यक आहेत.

मनातील वादळे

१९०४ साली स्टॅन्ली हॉल ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने किशोरावस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला आणि हा काळ वादळाचा असतो अशी कल्पना रूढ झाली. पुढील संशोधकांनी तिला मर्यादा घातली : वादळ प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. म्हणूनच मूल फार काळ अस्वस्थ राहिले, तर 'ह्या वयात असेच चालायचे' असे म्हणून सोडून देऊ नये.

भावना व्यक्त करायला शब्द लागतात. आपल्या अनेक घरांत आईवडील मराठी शाळेत शिकले, मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. घरची बोली तिसरीच. मुलाला जे वाटते त्याचे शब्द एका भाषेत आणि आईचे कान दुसऱ्या भाषेत, अशी स्थिती होते. मुलग्यांची आणखी एक अडचण आहे. 'मुलगा असून रडतोस काय?' हे वाक्य ऐकत तो वाढतो, मग त्याचे दुःख रागाचे रूप घेऊन बाहेर येते.

काही खुणा मात्र कधीही दुर्लक्षित करू नयेत. झोप किंवा भूक एकदम बदलणे, आवडीचे खेळ व मित्र सोडून देणे, गुण अचानक घसरणे, स्वतःला इजा करून घेणे, आपल्या प्रिय वस्तू वाटून टाकणे, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलणे, ह्या त्या खुणा होत. अशा वेळी मुलाला जवळ बसवून स्पष्ट विचारावे : "जीव नकोसा वाटतो का?" असे विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजतो ही समजूत खरी नाही, उलट मनावरचे ओझे हलके होण्यास मदत होते. त्यानंतर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क व चोवीस तास उपलब्ध आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हाही क्रमांक आहे. तापाला औषध घेणे हा जसा श्रद्धेचा अभाव नाही, तसा मनाच्या आजारावर उपचार घेणे हाही नाही. प्रार्थना व उपचार हातात हात घालून चालू शकतात.

दहावी म्हणजे आयुष्य नव्हे

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे ह्यांनी दाखवून दिले की, साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापासून मूल अमूर्त विचार करू लागते. न्याय, सत्य, देव, मृत्यू ह्या कल्पनांवर ते स्वतःच्या बुद्धीने प्रश्न करते. मंदिरातील येशू गुरुजनांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता, ह्याची येथे आठवण व्हावी. दुर्दैवाने ज्या वयात बुद्धीला प्रश्न फुटतात, त्याच वयात आपण तिला ठरावीक उत्तरे पाठ करायला बसवतो. घरातील सारा संवाद गुणांपुरता उरतो.

दहावीनंतर कला, वाणिज्य, विज्ञान ह्या शाखांखेरीज आयटीआयचे व्यवसाय-अभ्यासक्रम आणि पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका असे मार्गही खुले असतात. नापास झालेल्यांना पुरवणी परीक्षा असते. निकालाच्या दिवशी पालकांच्या तोंडून येणारे पहिले वाक्य मूल जन्मभर विसरत नाही. ते वाक्य कोणते असावे, ह्याचा विचार निकालाआधीच करून ठेवावा.

दृढीकरण : निरोप की प्रारंभ?

आपल्याकडे दृढीकरण संस्कार बहुधा ह्याच वयात दिला जातो. त्यापूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गाला नियमित येणारी कितीतरी मुले त्यानंतर दिसेनाशी होतात. ज्या संस्काराने त्यांना पवित्र आत्म्याचे सामर्थ्य लाभावे, तोच जणू निरोपसमारंभ ठरतो. ह्याला केवळ मुले जबाबदार नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीच्या शंकांना आपण सात वर्षांच्या मुलीला द्यावयाची उत्तरे दिली, तर ती इतरत्र उत्तरे शोधणारच. 'देव आहे कशावरून?' असे विचारणारा मुलगा श्रद्धा सोडून चाललेला नसतो. आईबाबांकडून मिळालेली श्रद्धा स्वतःची करून घेण्याच्या खटपटीत तो असतो. त्याला गप्प बसवणारा धर्मगुरू वा शिक्षक त्याची ती वाट बंद करतो. दृढीकरणानंतरही त्याच मुलांसाठी दरमहा एक सभा, त्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवलेला एक तास आणि धर्मग्रामात एखादी लहानशी जबाबदारी, एवढे प्रत्येक धर्मग्रामाला शक्य आहे.

पालकांनी काय करावे?

संत जॉन बॉस्को ह्यांनी एकोणिसाव्या शतकात इटलीतील ट्युरिन शहरात, घर सोडून कामासाठी आलेल्या गरीब मुलांमध्ये आपले आयुष्य वेचले. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा ह्या तीन खांबांवर त्यांची शिक्षणपद्धती उभी होती. १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितले की, मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जाते हे मुलांना जाणवलेही पाहिजे. आपल्याकडील बाप पहाटेच्या लोकलने मुलांसाठीच राबायला जातो व रात्री थकून परततो. त्याचे प्रेम खरे असते, परंतु झोपलेल्या मुलाला ते दिसत नाही. आठवड्यातून एक जेवण सर्वांनी मिळून, मोबाईल दूर ठेवून करावे. त्या वेळी अभ्यास व गुण हे विषय काढू नयेत. सुरुवात येथून करता येईल.

दुसरी गोष्ट नियंत्रणाची. 'आमोरिस लेतित्सिया' ह्या २०१६ सालच्या प्रबोधनपत्रात पोप फ्रान्सिस ह्यांनी म्हटले आहे की, आपले मूल ह्या क्षणी कोठे आहे ह्यापेक्षा ते मनाने कोठे आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. मोबाईलवर मुलाचा ठावठिकाणा पाहता येतो, त्याचे मन पाहता येत नाही. नियम जरूर असावेत, पण थोडे, स्पष्ट व कारणासह असावेत. वय वाढेल तसे ते सैल करत जावे.

तिसरी गोष्ट आपण मरियामातेकडून शिकावी. तिने शोध घेतला, प्रश्न विचारला, स्वतःचे दुःख सांगितले, परंतु मुलाचा अपमान केला नाही. उत्तर समजले नाही, तरी तिने नाते तोडले नाही. न समजलेले तिने अंतःकरणात ठेवून दिले. आपल्या मुलांचेही सर्वच आज आपल्याला समजेल असे नाही. मूल रात्री उशिरा का होईना, बोलायला येईल तेव्हा त्याला ऐकून घेणारे कोणी जागे असावे. मग ते आईबाबा असोत, एखादे शिक्षक असोत, की धर्मग्रामातील फादर वा सिस्टर असोत.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाची कृपादृष्टी आपल्या घराघरांवर राहो.