काठ खचतो तो आतून

कालव्याकाठच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक खचला की माणसं येतात, चार ब्लॉक उचलतात, खाली खडीची कच टाकतात आणि ठोकून पुन्हा बसवतात. पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा बसते, कारण दुखणं ब्लॉकच्या हातभर खाली असतं.

बारामतीत तीन हत्ती चौकाच्या परिसरात लोक ज्या पाण्याकाठी फिरायला येतात, तो नीरा डावा कालवा. १८८५ च्या सुमारास वाहता झालेला. हा कालवा पाळीनं चालतो, आणि गोम तिथेच आहे. पाळी चालू असताना काठाचा भराव पाणी पितो. पाळी संपली की कालवा भराभर उतरतो, भरावातलं पाणी मात्र मागं राहतं. ते पात्राकडे परत निघतं आणि जाताना बारीक माती नेतं. त्यात कुजलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या, घुशींची बिळं. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला. तोच पुढे इंदापूरकडे जातो. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी, खेकड्यांवर बोट ठेवलं आणि राज्यभर हसू झालं. बिळं भराव पोखरतात हे खरंच आहे. ती वेळेवर बुजवायची कुणी, हा प्रश्न तेवढा हसण्यात वाहून गेला. मे २०२५ च्या पावसात नीरा डावाही बारामती तालुक्यात पिंपळीजवळ फुटला.

मग वाट उकरून भराव नव्यानं घालायचा? भरल्या काठावर खोदाई म्हणजे धोक्याला आमंत्रण. त्याला पर्याय जुना आहे. १८०२ मध्ये फ्रान्समधल्या दिएप बंदरात शार्ल बेरिन्यी या अभियंत्यानं खचलेल्या जलद्वाराच्या पायाखाली माती-चुन्याचा रबडा पंपानं दाबून भरला. आजचं ग्राउटिंग त्याचंच वंशज.

कालवा बंद असताना दोन ब्लॉक काढून बोटभर-दोन बोटं रुंद भोक पाडायचं, नळी सोडायची आणि सिमेंट आणि बेंटोनाइट या मातीचा पातळ रबडा हळूहळू ढकलायचा. एकाची नजर दाबाच्या काट्यावर, दुसऱ्याची पात्राच्या उतारावर. उतारावर राखाडी ओघळ दिसला की पंप बंद. वरचे ब्लॉक उचलू लागले तरी बंद. घाईनं दाब वाढवला तर पोकळी भरण्याऐवजी भरावच चिरतो. आधी लांब अंतरावरची भोकं, मग मधली. मधल्या भोकांत माल कमी गेला की समजावं, आत भरत आलंय. फुगणारं पॉलियुरेथेन रेझिन मिनिटांत घट्ट होतं, पण ते महाग आणि अखंड काँक्रीटची लादी उचलायला जास्त उपयोगाचं. सुट्या ब्लॉकांच्या वाटेला ते कशाला?

काळ्या मातीत आणखी एक पेच. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. नुसत्या सिमेंटनं तिचा स्वभाव बदलत नाही. चुना बदलतो, पण घट्ट चिकण मातीत चुन्याचं पाणी पसरत नाही, ते भेगांतूनच शिरतं. भेगा उघडतात उन्हाळ्यात आणि नेमकी तेव्हाच उन्हाळी पाळीची ओरड असते. दोन पाळ्यांमधले कोरडे दिवस गाठावे लागतात.

आणि शेतकऱ्याचं म्हणणं विसरून चालणार नाही. नीरा कालव्याच्या अस्तरीकरणाला बारामती-इंदापुरात विरोध झाला तो विहिरींसाठी. कालव्याच्या पाझरावर त्या भरतात. म्हणून सरसकट काठ बंद करण्यापेक्षा पोकळ्या हेरून तेवढ्याच भराव्यात. काठाला आधाराची भिंत असेल तिथे तिला पाणी झिरपायची भोकं आणि त्यांच्यामागे खडी-वाळूची गाळणी ठेवावी, म्हणजे पाणी जाईल, माती राहील. ही भोकं रबड्यानं बुजली तर भिंतीमागे पाणी तुंबून तीच पुढे ढकलली जाते. काम आटोपल्यावर पंप धुण्याआधी ती एकेक करून सळईनं मोकळी करून घ्यावीत.