मनखूलचा पाऊस आणि लीनाबाईंचा आवाज

१६ एप्रिल २०२४ ही तारीख दुबईकराला समजावून सांगावी लागत नाही. आमच्या अल मनखूलमध्ये त्या मंगळवारी सकाळपासून गडगडत होतं. दुपारी आभाळाला हिरवट झाक आली आणि मग असा पाऊस लागला की, आमच्याकडे व्हिजिटवर आलेले माझे सासरे, कोल्हापूरचे आप्पा, खिडकीशी जाऊन म्हणाले, “हा आपल्याकडचाच दिसतोय.” दुबई विमानतळावर २४ तासांत १४२ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला. तिथली वर्षाची सरासरी ९५ मिलिमीटरच्या आत आहे! बाल्कनीच्या सरकत्या दाराखालून पाणी हॉलमध्ये यायला लागलं, तेव्हा जुने टॉवेल, बेडशीट आणि शेवटी माझा एक विटका परकरही दाराशी लागला.

शाळा ऑनलाइन होती आणि इंटरनेट येत-जात होतं. दहावीतल्या लेकीने कंटाळून कपाटातली जुनी डीव्हीडी काढली. “आई, आज हाच. दुसरा शोभणारच नाही.” सिनेमा होता ‘सिंगिंग इन द रेन’.

हा सिनेमा मी चार-पाच वेळा पाहिला होता, पण तो नाचाचा म्हणून. उमेदीची सगळी वर्षं कोल्हापूरच्या थिएटरांत घालवलेल्या माणसाशेजारी बसून पाहिला, तेव्हा तो वेगळाच निघाला.

सिनेमा १९५२चा, गोष्ट १९२७ची. ‘द जॅझ सिंगर’ आला आणि मूकपटांच्या हॉलिवूडची झोप उडाली, तो काळ. डॉन लॉकवूड (जीन केली) आणि लीना लॅमॉन्ट (जीन हेगन) ही मूकपटांतली लाडकी जोडी. लीनाबाई दिसायला अप्सरा, पण तोंड उघडलं की पाटीवर नख ओढल्यासारखा आवाज. आजवर ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. आता स्टुडिओचा मालक फर्मान काढतो की, चालू असलेला मूकपट बोलपट करा.

इथून पुढची पंधरा-वीस मिनिटं म्हणजे विनोदाची मेजवानी आहे. मायक्रोफोन झुडपात लपवतात, तर बाई संवाद म्हणताना मान इकडेतिकडे फिरवतात आणि निम्मे शब्द हवेत जातात. मग मायक्रोफोन त्यांच्या पोशाखात शिवतात, तर संवादाऐवजी हृदयाची धडधड ऐकू येते. शेवटी तो खांद्यावर येतो. तेवढ्यात मालक आत येतात, जमिनीवर कसली ही वायर म्हणून ओढतात आणि लीनाबाई उलट्यापालट्या! पहिल्या खेळाला तर कहरच होतो. गळ्यातल्या मोत्यांचा आवाज दगड गडगडल्यासारखा येतो, मध्येच आवाज चित्राच्या मागे पडतो आणि नायिकेचं ‘नाही नाही’ खलनायकाच्या तोंडून, त्याचं ‘होय होय’ तिच्या तोंडून बाहेर पडतं. आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं, पण इथे भाषा लागतच नाही. हसून झाल्यावर म्हणाले, “अगं, हे आपल्या मास्टर विठ्ठलचंच झालं की!”

मी रिमोटवरचं बटण दाबून सिनेमा थांबवला.

मास्टर विठ्ठल हे नाव आज किती जणांना माहीत आहे? नाटक कंपनीतून आलेला मुलगा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत लागला आणि मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत मूकपटांचा स्टार झाला. तलवार, घोडा, उड्या. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. अर्देशर इराणींनी ‘आलम आरा’ काढायचं ठरवलं, तेव्हा नायक म्हणून त्यांना हाच हवा होता. विठ्ठल शारदा सोडून गेले म्हणून करारभंगाचा खटला झाला. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना, आणि खटला जिंकलाही. इतकं करून नायक मिळवला, तर त्याची हिंदुस्तानी पडद्यावर चालेना! मग त्याच्या भूमिकेची अशी आखणी केली की, तो बराच वेळ गुंगीत, जवळजवळ न बोलता राहील. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये देशातला पहिला बोलपट लागला आणि त्याचा नायक जमेल तितका गप्प होता. कॉमडेन आणि ग्रीन या पटकथाकारांना हे कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी ‘फारच बनवाबनवी वाटते’ म्हणून सोडून दिलं असतं.

झुडपातला मायक्रोफोनही आपल्याकडे होता. ‘आलम आरा’चा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांलगत, त्यामुळे गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर चित्रण करायचं आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे लपवायचे. गंमत एवढीच की, अमेरिकेने त्या धांदलीवर सिनेमा काढला आणि आपण त्या धांदलीचा सिनेमाच हरवून बसलो. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही.

आपल्याकडे एक लीनाबाईही होत्या, पण त्यांनी गोष्टीचा शेवट बदलला. रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना. जन्म पुण्याचा, आधीची नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. मूकपटांत त्यांच्याएवढी मोठी तारका नव्हती. बोलपट आले, हिंदुस्तानी येईना. बाईंनी वर्षभर थांबून भाषा घोटली, परत आल्या आणि आपल्याच गाजलेल्या मूकपटांचे बोलपट केले. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. हॉलिवूडच्या सिनेमात लीनाला शिकवायला बाई ठेवतात, उच्चार घोटवून घेतात, पण ते सगळं हसण्यापुरतं. तिला खरोखर शिकता येईल, ही शक्यता लेखकांच्या डोक्यातही येत नाही. सिनेमाचा हा एक कोपरा मला खटकतो. जीन हेगनने लीना इतकी झोकात केली आहे की खटकणं लांबणीवर पडतं, एवढंच. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन होतं. मिळालं नाही. एकूण सिनेमाला एकही ऑस्कर नाही. आधीच्या वर्षी याच जीन केलीच्या ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं होतं. आज मात्र लोक पुन्हा पुन्हा पाहतात तो हा. ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या २०२२च्या यादीत तो दहावा आहे.

मुळात हा सिनेमा म्हणजे फोडणीची पोळी. निर्माता आर्थर फ्रीड स्वतः गीतकार. नॅसिओ हर्ब ब्राउनबरोबर त्याने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेली गाणी पडून होती, ती वापरून सिनेमा करा, असा हुकूम निघाला. शीर्षकगीतसुद्धा १९२९च्या एका सिनेमातलं. गाणी त्या काळातली, तर गोष्टही त्याच काळात नेऊ, असं लेखकांनी ठरवलं. शिळ्या पोळीला अशी चव लागली की ताज्या पोळीची कुणाला आठवण राहिली नाही.

सिनेमा पुन्हा सुरू केला. लीनाचा आवाज झाकण्यासाठी कॅथी नावाच्या नवख्या मुलीचा आवाज तिच्या तोंडी घालतात. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा. अमेरिकन प्रेक्षकाला यात फसवणूक दिसते. आपल्याला? आपला तर सगळा संसारच या मांडणीवर उभा आहे. मधुबाला गात नव्हती हे कुणाला माहीत नव्हतं? तरीही १९४९च्या ‘महल’च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत गेलं. पुढे ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा गायकांना पुरस्कार नाही तर मी समारंभात गाणार नाही, असं लताबाईंनी सांगून टाकलं. पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर. म्हणून शेवटी पडदा वर जातो, पुढे लीना नुसतेच ओठ हलवतेय आणि मागे माइकसमोर कॅथी गातेय, हे दिसतं, तेव्हा मराठी माणसाच्या अंगावर जरा जास्तच काटा येतो. आपल्याकडे तो पडदा वर जायला कितीतरी वर्षं लागली.

पण खरी मेख पुढेच आहे. कॅथीच्या तोंडचं एक गाणं कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सचं नाहीच, ते बेटी नॉइस नावाच्या गायिकेचं आहे आणि श्रेयनामावलीत तिचा पत्ता नाही. कॅथी लीनाचे संवाद बोलते त्या प्रसंगात ऐकू येणारा तो गोड आवाज खुद्द जीन हेगनचा. तिचा खरा आवाज छानच होता. म्हणजे लीनाला आवाज देणाऱ्या मुलीला लीनाच आवाज देते आहे! पडद्यामागच्या आवाजाला न्याय द्या म्हणणाऱ्या सिनेमाने आपल्याच पडद्यामागे एक बाई तशीच ठेवली. हे लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, “कसले ढोंगी आहेत!” आप्पा म्हणाले, “धंदा आहे, बाळा.”

मग तो नाच आला. बाहेर पाऊस, आत पाऊस. डॉन टॅक्सी सोडून देतो, छत्री मिटतो. दिव्याच्या खांबावर चढून एका हाताने लोंबतो. पन्हाळीखाली चेहरा धरतो, फुटपाथच्या कडेवरून एक पाय वर, एक पाय खाली असा चालतो आणि शेवटी रस्त्यातल्या डबक्यात लहान मुलासारखा थयथया नाचतो. पोलीस येऊन उभा राहतो, तेव्हा ओशाळून थांबतो, जाता जाता छत्री एका भिजणाऱ्याच्या हातात देतो. केलीला त्या वेळी १०३ अंश फॅरनहाइट ताप होता. पावसात दूध मिसळलं होतं ही दंतकथा. पाणी दिसावं म्हणून प्रकाश मागून टाकला होता. डबकीही नेमकी हवी तिथे खणलेली. इतकी आखणी, आणि बघताना वाटतं की या माणसाला हे आत्ता, इथेच सुचलं. आदल्याच वर्षी आपल्या भगवानदादांनी ‘अलबेला’त पाय हलवले होते. तिथे कसरत जवळजवळ नाही, नुसता खांदा आणि टाच. दोघांची तुलना करू नये हे मला कळतं. पण पाहणाऱ्याला ‘हे मलाही जमेल’ असं वाटायला लावण्यात दादा केलीपेक्षा तसूभर पुढेच आहेत.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पाणी मात्र हटेना. खालच्या रस्त्यावरून एक गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट एका हातात आणि लॅपटॉपची बॅग डोक्यावर धरून चालले होते. मधल्या एका खड्ड्यात त्यांनी उगीचच एकदा पाय आपटला. मी शपथेवर सांगते.

लेकीला रील करायची होती. ओठ आप्पांचे, आवाज अशोक सराफांचा. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले. पहिल्या वेळेला ओठ मागे पडले, दुसऱ्या वेळेला पुढे गेले.

“आजोबा, मॅच होत नाहीये.”

“लीनाबाई झाली माझी,” आप्पा म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “घे परत. आणि मला समोरून घेऊ नकोस, अर्धा चेहरा झाडामागे राहू दे.”

लेकीने बाल्कनीतली तुळशीची कुंडी आणून त्यांच्यासमोर ठेवली.